सहा आठवडे आपल्या शहरासाठी

(मंडळाच्या गतवर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी मला बोलावले तेव्हा एवढेच सांगितले, की तरुणांसाठी काहीतरी बोला, पण उपदेश नको. ही अट मला आवडली. चाळीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईला उपदेश करू नका असे सांगणे म्हणजे हलवायाला साखर वापरू नका म्हणण्यासारखे आहे, पण प्रयत्न करते. मी आज उपदेशाऐवजी एक मागणी घेऊन आले आहे, आणि ती तरुणांकडे नसून तुमच्याआमच्याकडे, म्हणजे वर्गणी देणाऱ्यांकडे आहे.

मागणी अशी. आपल्या मंडळाने पुढच्या वर्षापासून दर उन्हाळ्यात चार तरुणांना सहा आठवड्यांची वृत्ती द्यावी. या सहा आठवड्यांत त्यांनी बडोद्यातल्याच एखाद्या संस्थेत काम करायचे. नदीचे काम करणारी, वन्यप्राणी सोडवणारी, कचऱ्याचे किंवा वस्तीतल्या मुलींच्या आरोग्याचे काम करणारी, कोणतीही. काम खरे, वेळ पूर्ण आणि त्याचा मोबदलाही रोख. मुले याला फेलोशिप म्हणतात. मला ‘वृत्ती’ हा शब्द पुरेसा वाटतो. आपल्या जुन्या कागदांत जोशीपणाची वृत्ती, कुलकर्णाची वृत्ती असे उल्लेख येतात, तिथे कामही असे आणि त्यावर निर्वाहही असे. शिष्यवृत्तीत शिकणे येते, पगारात नोकरी येते. ही गोष्ट दोहोंच्या मधली आहे. शब्दावर वाद घालायचा असेल तर नंतर चहाला घालू.

आता कोणी म्हणेल, हे तर सगळीकडे चालूच आहे. खरे आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झाली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तिची दोन वर्षांची २४० तासांची वही भरली असेल. २०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने स्वच्छतेची उन्हाळी इंटर्नशिप काढली, शंभर तास काम करा आणि दोन श्रेयांक मिळवा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर पदवीच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिप शिरली आहे, त्यामुळे मे महिना आला की मुले प्रमाणपत्र देणारी संस्था शोधत गावभर फिरतात. तास मोजणे सोपे असते. तासांच्या शेवटी मागे काय उरले, हे मोजण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने एका संस्थेत पूर्ण उन्हाळा हजेरीपत्रके संगणकावर उतरवण्यात घालवला. शेवटच्या दिवशी रोप लावतानाचा फोटो काढला, प्रमाणपत्र मिळाले, श्रेयांक जमा झाले. संस्था कोणती ते सोडा, तिथल्या लोकांचाही त्यात फार दोष नव्हता. पाच माणसांनी पन्नास मुले सांभाळायची म्हटल्यावर दुसरे काय होणार?

आणि बहुतेक ठिकाणी हे काम फुकट असते. इथे मला जरा थांबायचे आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. फुकट काम करायला कोण येते? ज्याच्या घरी दुचाकी आहे, पेट्रोलला बापाकडून पैसे मिळतात आणि सुट्टीत कमावण्याची गरज नाही, तो येतो. आमच्या वर्गात हुशार मुली असत, त्या परीक्षा संपली की दुसऱ्या दिवसापासून मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पॅकिंगला जात, मंगळबाजारात दुकानात उभ्या राहत, नाहीतर लहान मुलांच्या शिकवण्या घेत. जूनची फी त्यातून निघायची. त्यांना ‘नदीवर काम करायला चल’ म्हणण्याचा मला अधिकार कुठे होता? आणि गंमत बघा, विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा पाणी पहिल्यांदा यांच्याच घरात शिरते. ज्यांना नदी सगळ्यांत जवळून माहीत आहे, त्यांनाच नदीच्या कामात जागा नाही, कारण ते काम बिनपैशाचे आहे. म्हणून वृत्ती रोख हवी, आणि दर आठवड्याला हवी. शेवटी एकदम देऊ म्हटले तर ज्याला गरज आहे तो मधेच सोडून जाईल.

नदीचे नाव निघालेच आहे, तर तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलते. चिटणीस घड्याळ पाहू लागले तरी चालेल.

आपली विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेला वाहत येते, शहराच्या पोटातून नागमोडी वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबायतच्या आखातात पोचते. कमाटीबाग तिच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहे. ही बाग १८७९ ची. काळ्या घोड्याच्या पुलावरून आपण लहानपणी मगर दिसते का म्हणून वाकून पाहत होतो, आजही पोरे पाहतात. भारतात भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी राहतात असे दुसरे मोठे शहर मला तरी माहीत नाही. वनखात्याच्या हिशेबात त्यांची संख्या चारशेच्या वर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या मगरीचे नाव आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला.

ऑगस्ट २०२४ आठवतोय ना? जन्माष्टमीचा सुमार होता. पाऊस थांबत नव्हता, आजवा सरोवराचे पाणी येत होते आणि काळ्या घोड्याची पातळी पस्तीस फुटांच्या पुढे गेली. धोक्याची रेषा पंचवीसच्या आसपास आहे. तळमजल्यांवर दोन-दोन, तीन-तीन दिवस पाणी होते. त्या तीन दिवसांत वस्तीतून चोवीस मगरी पकडून सुरक्षित ठेवल्या गेल्या, एक तर घराच्या छपरावर बसलेली साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. पाणी ओसरून दहा दिवस होतात न होतात तोच गणपती आले, आणि आपण या सभागृहातला चिखल काढून मूर्ती बसवली. त्याआधी ३१ जुलै २०१९. एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तेव्हाही हेच झाले होते.

आता पूर का येतो, हा प्रश्न विचारला की प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. कोणी आजव्याचे दरवाजे म्हणतो, कोणी महापालिका म्हणतो, कोणी नदीतला गाळ म्हणतो. थोडेथोडे सगळेच बरोबर आहेत. पण या शहरात पाणी नदीपर्यंत नेणाऱ्या कांसी होत्या. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस, ही नावे आपल्या आजोबांच्या तोंडी असत. कांस म्हणजे शेताशिवारातले पाणी नदीकडे नेणारा ओहोळ. आणि जागोजागी तलाव होते, पाऊस धरून ठेवायला आणि हळूहळू सोडायला. शहर वाढले तशा कांसी कुठे झाकल्या गेल्या, कुठे अरुंद झाल्या, कुठे त्यांच्यावर भिंत उभी राहिली. तलावांचे काठ बुजवले गेले. पाण्याला वाट आठवते, आपल्याला आठवत नाही.

ही आठवण कुठे आहे? काही नकाशांत आहे, आणि बरीचशी सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. त्यातली कितीतरी माणसे आत्ता या खोलीत बसली आहेत. कोणाच्या घरामागून कांस वाहत होती, कोणत्या सालच्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणत्या तलावात पोहायला शिकलात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन मुलांनी सहा आठवडे सकाळी तुमच्याकडे बसून हे लिहून घेतले, मग जुना नकाशा हाती घेऊन त्या जागी जाऊन पाहिले, तर एक दस्तऐवज तयार होईल. नदीवर काम करणारे नागरिकांचे गट या गावात आहेत. त्यांच्यातल्या काहींनी रिव्हरफ्रंटच्या योजनेविरुद्ध हरित लवादापर्यंत धाव घेतली आणि २०१६ साली ते काम थांबले. या माणसांना कायदा कळतो, आराखडे वाचता येतात. त्यांच्याकडे जे नसते ते म्हणजे दुपारपर्यंत उन्हात चालू शकणारे चार पाय.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे मगरीकडे येते. उन्हाळाच का, असे एका सभासदांनी मला विचारले, दिवाळीत का नको? उत्तर मगरीने दिले आहे. आपल्याकडची मगर मार्च-एप्रिलमध्ये काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. एका वेळी पंचवीस-तीस. सुमारे दोन महिन्यांनी, जूनच्या आसपास, पिले बाहेर पडतात. मातीच्या उष्णतेवर पिलू नर होणार की मादी ते ठरते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी वर्गात शिकवायचे विसरून खिडकीबाहेर पाहत राहिले होते. पिले आतून आवाज देऊ लागली की मादी खड्डा उकरते आणि ज्या जबड्याने रेड्याची मान मोडते त्याच जबड्यात पिलांना हळुवार धरून पाण्यात नेते. हे सगळे आपल्या सुट्टीच्या दिवसांत, पुलाखालच्या काठावर घडत असते, आणि आपण तेव्हा माथेरानला असतो.

यासाठी मगरीला काय लागते? मातीचा उतरता काठ. दगडी भिंतीत अंडी घालता येत नाहीत, सिमेंटात बीळ करता येत नाही. २०२४ च्या पुरानंतर नदीतला गाळ काढण्याचे आणि पात्र रुंद करण्याचे मोठे काम २०२५ च्या उन्हाळ्यात झाले. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्या दृष्टीने ते हवेच होते, त्यांना मी नावे ठेवणार नाही. माझी स्वतःची पुस्तकांची दोन कपाटे त्या पाण्यात गेली आहेत. पण ते काम ऐन अंड्यांच्या हंगामात झाले, हेही खरे. मग त्या वर्षी किती ठिकाणी पिले दिसली? पुढच्या वर्षी काठ बदलल्यावर मगरी कुठे सरकल्या? दूर उभे राहून दुर्बिणीतून रोज एकाच वेळी, एकाच जागी पाहायचे आणि वहीत लिहायचे, एवढे साधे काम आहे. वनखात्याच्या परवानगीने आणि माहीतगार माणसाबरोबर, हे मी ठळक शब्दांत सांगते. आयांनी घाबरू नये. काठावर उतरायचे नाही, सेल्फी काढायची नाही, अंड्यांच्या जवळपास फिरकायचेही नाही. पाच वर्षे सलग अशा वह्या भरल्या तर कोणत्याही आराखड्यावर बोलताना आपल्या हातात काहीतरी असेल. आज आपल्या हातात मते आहेत.

बाकीची कामे मी भराभर सांगते, कारण ती तुम्हाला सुचतीलच. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली, तेव्हा तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. आपल्याकडेही मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. आपल्या किती बसथांब्यांवर सावली आहे, मजूरनाक्यावर पिण्याचे पाणी आहे का, पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता किती तापते, हे एक मुलगी थर्मामीटर घेऊन महिनाभरात सांगू शकेल. वडाच्या झाडांवरून ज्या गावाचे नाव पडले त्या गावात रस्तारुंदीत किती वड गेले आणि किती उरले, हे मोजणे आहे. किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचे काम करणाऱ्या ‘सहज’सारख्या संस्था इथे चार दशके आहेत. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुलांची सुट्टीतली शाळा आहे. आपल्याच गणपतीचे निर्माल्य आहे. कृत्रिम तलावात विसर्जन केले की आपले कर्तव्य संपते, पण तो तलाव दुसऱ्या दिवशी कोण आणि कसा रिकामा करतो, हे कधी पाहिले आहे का? मी पाहायला गेले होते. जेवण गेले नाही दोन दिवस.

गेल्या वर्षभरात मी शहरातल्या सात-आठ संस्थांशी बोलले. सगळ्यांनी आनंदाने मुले मागितली असतील असे वाटत असेल तर तसे झाले नाही. एका ताईंनी स्पष्ट सांगितले, “बेन, सहा आठवड्यांचा मुलगा म्हणजे पहिले दोन आठवडे पाहुणा, मधले दोन आठवडे विद्यार्थी, आणि कामाला लागला की त्याचे जायचे दिवस येतात.” त्यांचे बरोबर आहे. मुलाला शिकवण्यात त्यांच्या माणसाचा वेळ जातो, आणि तो वेळ कोणी भरून देत नाही. म्हणून मला वाटते, आधी प्रश्न ठरावा आणि मग मुलगा निवडावा. संस्थेने फेब्रुवारीतच एका कागदावर लिहून द्यायचे, की आम्हाला अमुक एक गोष्ट कळून घ्यायची आहे, ती सहा आठवड्यांत कळण्यासारखी आहे, आणि आमच्याकडची अमुक व्यक्ती आठवड्यातून दोनदा या मुलाबरोबर बसेल. असा कागद ज्या संस्थेला देता येणार नाही, तिथे मुलगा पाठवायचा नाही, मग ती कितीही नावाजलेली असो. आणि सहा आठवड्यांनी मुलाने जे लिहून ठेवले ते गुजरातीत असले पाहिजे, कारण वाचणारे वस्तीतले, संस्थेतले, वॉर्ड ऑफिसातले लोक ते गुजरातीत वाचणार. त्याचा मराठी सारांश आपल्या स्मरणिकेत छापू. जाहिरातींच्या पानांच्या मधे चार पाने वाचण्याजोगी झाली तर जाहिरातदारही रागावणार नाहीत.

परदेशातले एक उदाहरण सांगते, कारण आपली निम्मी नातवंडे तिकडेच आहेत. अमेरिकेत न्यू हेवन नावाचे गाव आहे, येल विद्यापीठाचे. विद्यापीठ अतिशय श्रीमंत, आणि त्याच्या भिंतीबाहेरचे गाव बरेचसे गरीब. विद्यापीठाच्या शैक्षणिक जागांवर कर लागत नाही, त्यामुळे गावाच्या मनात सल. १९९४ पासून तिथले विद्यापीठ उन्हाळ्यात आपल्या काही विद्यार्थ्यांना पैसे देऊन गावातच ठेवून घेते आणि गावातल्या संस्थांत, पालिकेच्या खात्यांत कामाला पाठवते. एवढ्याने गावाची सल गेली असे मुळीच नाही. पण मुलांना निदान कळते की आपल्या ग्रंथालयापासून दहा मिनिटांवर कोण राहते. आपल्या विद्यापीठाचा, आपल्या मंडळाचा आणि नदीकाठच्या वस्तीचा संबंध याहून फार वेगळा आहे का? मला नाही वाटत.

आता मुख्य आक्षेप. तो उघडपणे कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. मंडळाचा पैसा मराठी माणसाचा, मग वृत्ती मराठी मुलांनाच का नको?

बडोद्यात उभे राहून या प्रश्नाचे उत्तर देताना मला एक गोष्ट टाळता येत नाही. या संस्थानाने दिलेली सर्वांत मोठी वृत्ती कोणती, हे इथे लहान मुलालाही माहीत आहे. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कॉलेजात असताना महिना पंचवीस रुपये दिले आणि १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार होता. महाराजांनी माणूस पारखला, जात पाहिली नाही. याचा आपण अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच.

पण गोष्ट तिथे संपत नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्याला आले, तेव्हा जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत काही दिवस काढले, तिथून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. मित्रांनीही घरी ठेवून घेतले नाही. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. म्हणजे दरबाराने वृत्ती दिली आणि गावाने दार लावले. त्या गावात आपले पूर्वज होते. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपास आपल्यापैकी किती घरे तेव्हाही होती, ते घराघरातल्या वंशावळी काढून पाहा.

म्हणून मला दोन गोष्टी हव्यात. पहिली, चारांपैकी दोन जागा तरी शहरातल्या कोणत्याही मुलासाठी खुल्या असाव्यात, भाषा आणि आडनाव न विचारता. आपण इथे तीनशे वर्षांच्या आसपास आहोत. आपली मुले घरी मराठी आणि दाराबाहेर गुजराती इतक्या सहज बोलतात की कोणत्या वाक्यात कोणती भाषा संपली ते त्यांनाही कळत नाही. अशा मुलाबरोबर वस्तीतले एक मूल जोडीने कामाला गेले तर दोघांचेही काम सोपे होईल. दुसरी गोष्ट जागेची. पैशाबरोबर बसायला जागा हवी. दुपारी अकरा ते चार बाहेर काम करण्याजोगे ऊन नसते. संस्थांची कार्यालये म्हणजे दीड खोली, तिथे पंखा एक आणि माणसे सहा. आपले वाचनालय उन्हाळ्यात दुपारी बंद असते. ते या मुलांसाठी उघडे ठेवावे, माठात पाणी असावे, आणि कोण मुलगा कोणाचा हे कोणी विचारू नये.

पालकांच्या शंका मला ठाऊक आहेत. स्पर्धापरीक्षेचे वर्ग बुडतील. ज्याचे वर्ग आहेत त्याने अर्ज करू नये, काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी करावा. मुलींचे काय? जोडीनेच पाठवायचे, सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत. पूर आला तर? जूनच्या मध्यापर्यंत काम संपते, तोवर पाऊस जेमतेम आलेला असतो. आणि याचा पुढे नोकरीला उपयोग काय? हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जाई. माझे उत्तर असे, की ज्या मुलाने अनोळखी माणसाच्या ओट्यावर बसून त्याच्या घरातल्या पाण्याची गोष्ट नीट ऐकून घेतली आणि ती बिनचूक लिहिली, त्याला मुलाखतीत फार अडचण येत नाही. पण या उपयोगासाठी मी हे सुचवत नाही, हेही सांगून टाकते. आपली मुले वीस-बावीसची झाली की पुण्याला, बंगळूरला, तिथून पुढे जातात. जावीत. मात्र ती जाताना त्यांना बडोदे म्हणजे घर, शाळा, मॉल आणि नवरात्राचा गरबा एवढेच माहीत असते, हे मला खुपते. नदीला पूर आल्यावर ती तिकडून फोन करतात, “आई, पाणी कुठपर्यंत आलंय?” आणि कांस कुठे आहे हे आईलाही माहीत नसते.

पैशाचे सांगते आणि थांबते, कारण खजिनदार मघापासून माझ्याकडे पाहत आहेत. एका मुलाला आठवड्याला तीन हजार, सहा आठवड्यांचे अठरा हजार. चौघांचे बहात्तर. येण्याजाण्याचे भाडे, अपघात विमा, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि वह्या मिळून आणखी आठ हजार धरा. ऐंशी हजार रुपये. आराशीच्या आणि ध्वनिव्यवस्थेच्या खर्चाशी याची तुलना मी करणार नाही, कारण मलाही रोषणाई आवडते आणि समारोपाच्या दिवशीचे श्रीखंड तर फारच. पण दहा घरांनी प्रत्येकी आठ हजार दिले तरी पहिले वर्ष निघते. पहिले आठ हजार मी आज चिटणिसांकडे पाकिटात देऊन ठेवले आहेत, त्यामुळे आता नऊच घरे हवीत.

कार्यकारिणीची बैठक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. तिथे हा विषय मताला टाकावा अशी माझी विनंती आहे. नापास झाला तरी चालेल, पण विषय पुढे ढकलला असे इतिवृत्तात लिहू नये. दरम्यान एक काम मतदानाशिवायही होऊ शकते. सभागृहाच्या दाराशी टेबलावर शहराचा एक मोठा नकाशा आणि लाल पेन्सिल ठेवली आहे. ज्यांना आपल्या घराजवळची जुनी कांस, तलाव किंवा विहीर आठवते, त्यांनी जाताना तिथे खूण करावी आणि बाजूला आपले नाव व साल लिहावे. चष्मा विसरला असेल तर मागच्या रांगेतली मुले मदत करतील. मी त्यांना तसे सांगून ठेवले आहे.